नावांची फाइल

उद्या तिसरी आवृत्ती. यंत्राला विचारलं,
कुणी कुणी केलं हे?
पापणी लवायच्या आत उत्तर: नऊ जणांनी.
प्रत्येक नावापुढे ओळींचा आकडा.
सगळ्यात वर मी, वालेस्का,
एकतीस हजार आठशे सहा.

खिडकीखाली ओहोटी लागली होती.
कास्त्रोच्या काठावरची खांबांवरची घरं
पार तळव्यांपर्यंत उघडी पडलेली,
खांबांना शेवाळ, शिंपले, एकाला जुनं टायर.
पर्यटक फोटो काढतात ते भरतीला.

मग आठवली एदुविना कार्कामो.
समुद्रशेवाळ वेचता वेचता
पोतं ओढत तिनं फोन केला होता,
अर्धे शब्द वाऱ्यानं नेले, उरले ते असे:
"तुझ्या कोष्टकात पाणी अजून ओसरतंय, पोरी,
आणि माझ्या कमरेला लागलंय."
तीन रात्री शोधलं. एक वजाचं चिन्ह राहिलं होतं.
यंत्राच्या हिशेबी ती एक ओळ,
माझ्या नावावर जमा.

रोसामेलला दिसत नाही.
आमचा पडदा त्याचा फोन त्याला वाचून दाखवायचा:
बटण. बटण. बटण. बटण.
"बारसं तरी करा यांचं," म्हणाला.

बाल्दोमेरो मास्तरांकडे मी नुसता
ओहोटीसाठी एक विलिचे शब्द मागितला.
ते म्हणाले, कुठली ओहोटी?
शिंपले मिळतात ती, की होडी रुतते ती,
की वारा पडल्यावरची,
की रात्रीची, जिला आमच्या घरात वेगळंच नाव होतं?
आमच्याकडे रकाना एकच होता.
आता चार आहेत.
मास्तर गेल्या हिवाळ्यात गेले.
चौथा रकाना अजून रिकामा.

आणि ओर्तेन्सिया. संगणक म्हणजे तिच्या लेखी "तो डबा".
चर्चमागच्या खोलीची किल्ली तिच्याकडे,
शेगडीतली लाकडंही तिचीच.
त्या वर्षी इरेनेओ आणि मी चार महिने बोलत नव्हतो,
तो निम्मं काम उचलून वेगळी चूल मांडणार होता.
तिनं आमच्यापुढे घमेलंभर बटाटे ठेवले
आणि सुरी एकच.
मी सोलायचे, तो चिरायचा.
सुरी मागावी लागते.
मागायला तोंड उघडावं लागतं.

याच्या ओळी किती, विचारलं.
यंत्राला प्रश्न कळला नाही. त्याचा दोष नाही,
मलाही तो आठ वर्षांनी सुचला.

मी आकडे पुसले.
नावं वर्णानुक्रमानं लावली, तर मी तळाशी गेले;
जरा टोचलं, खोटं कशाला बोलू.
नावापुढे लिहीत गेले:
पाण्यात उभी राहून कळवलं.
बटणांना नावं ठेवायला लावली.
तीन शब्द दिले, चौथा राहिला.
सुरी एकच दिली.
मग हेही आठवलं की दर महिन्याला
सर्व्हरचे पैसे कुणीतरी भरतं,
पावतीवर नुसतं "एक मासेमार" असतं.
तेही लिहिलं, तसंच.

उजाडताना एदुविनाला फोन केला,
तुझं नाव घालू ना?
पलीकडे बराच वेळ फक्त समुद्र.
मग म्हणाली, "माझं कशाला?
त्या दिवशी घड्याळ माझ्या बहिणीकडे होतं.
वेळ तिनं सांगितली, मी नुसती ओरडले.
तिचं घाल."

बहिणीचं नाव काय, विचारेपर्यंत
पाणी आलं, आणि ती पोतं उचलायला गेली.

एदुविनाच्या खाली एक ओळ मोकळी सोडलीय.
आवृत्ती दुपारपर्यंत थांबेल.
ती ओहोटीला परत फोन करते.
ओहोटी कधी, ते आता आम्हाला बरोबर माहीत आहे.