खांब क्रमांक सात

अक्कलकोट रोडच्या बंद कारखान्यात
पहाटे पाचला कापड मापतो मल्लेशम येमूल.
पाचलाच. नऊनंतर सोलापूरच्या उन्हात
रेझिन बादलीतच धरतं,
ब्रश उभाच्या उभा राहतो त्यात
आणि ठेकेदार माझ्याकडं बघतो.

कापड काळं, चकचकीत, नळकांड्यावर गुंडाळलेलं.
पहिल्या दिवशी त्यानं दोन बोटांत चोळलं,
उजेडाला धरलं.
"म्याडम, ह्याला ताणा आहे, बाणा कुठाय की?
असली चादर मालकानं तोंडावर फेकली असती."
मी सांगितलं, धागे एकाच दिशेनं लागतात,
खांबाभोवती आडवे.
वजन आलं की खांब आधी फुगतो, मग फुटतो.
ते फुगणं धरायचं.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"बाळंतिणीच्या पोटाला फडकं बांधतात, तसं."
मी चार वर्षं शिकले, हे कुठं नव्हतं.

चाळीस माग होते इथं.
रंगाचं पाणी खांबांच्या पायात मुरत राहिलं,
सळ्या गंजल्या, गंज फुगला,
काँक्रीटचे पोपडे झाडूनं गोळा होत.
आता वरच्या मजल्यावर
शाळेच्या गणवेशांची दोनशे मशिनं येणार.

खांब क्रमांक सात.
इरण्णानं ग्राइंडर लावला.
चुना उडाला, मग निळा ऑइलपेंट,
मग पुन्हा चुना,
मग लाल.
दोन पुरुष उंचीपर्यंत हवा लाल झाली.
दर दसऱ्याला मागाची पूजा करून
उरलेलं कुंकू तेलात कालवून
ह्या खांबाला फासायचा तो,
एकोणीस दसरे.
सातच्या शेजारीच त्याचा माग.
हे मला तेव्हा कळलं.

मी हात वर केला, थांबा म्हणून.
का केला, सांगता येणार नाही.

मल्लेशमनं मास्क हनुवटीवर ओढला.
"थांबू नका. तेल आहे आत.
तेलावर रेझिन धरत नाही, तुम्हीच बोललात."
आणि इरण्णाच्या हातातून मशीन घेऊन
खडी दिसेपर्यंत घासला त्यानं खांब,
चारी कोपरे गोल केले, तळहात फिरवून पाहिले.
धारेवर सूत तुटतं,
हे त्याला शिकवावं लागलं नाही.

मग प्रायमर, मग लांबी, मग कापड.
"मेल्लगा, मेल्लगा," तो इरण्णाला तेलुगूत,
"आयतु," इरण्णा कानडीत,
रोलरनं हवा कडेला ढकलत.
जोड किती ठेवायचा? त्यानं वीत लावली.
मी टेप लावला: दोनशे दहा मिलिमीटर.
मला दोनशे हवे होते.

दोन दिवसांनी वाजवून पाहायचं.
माझ्याकडचं पाचाचं नाणं त्यानं मागून घेतलं.
एक कान मागांच्या खडखडाटात गेलेला,
दुसरा काळ्या खांबाला लावून
तो वरून खाली येत राहिला.
टक. टक. टक.
टक.
टप.
मला फरक ऐकू आला नाही.
त्यानं खडूनं गोल काढला, रुपयाएवढा,
नेमका छातीच्या उंचीवर.
"इथं हवा राहिली."
बारीक भोक पाडलं, सुईनं रेझिन भरलं,
अंगठा दाबून धरला
माग सुरू होण्याआधी धरतात तसा,
का नुसताच, गळू नये म्हणून.

नाणं त्याच्या खिशात गेलं.
मी मागितलं नाही.
अजून अकरा खांब वाजवायचे आहेत.