खारीवाड्यातली सभा

खिडकीच्या फळीवर फिरवलेलं बोट
एर्मेलिंदाबाईनं न धुता सभेत आणलं,
माईकसमोर उभं धरलं:
हा बंदरावरचा कोळसा. फळी रोज पुसते.
फुप्फुस कसं पुसू?

मग म्हणाली,
पोळेच्या नाक्यापलीकडे कैगा आहे.
तिथल्यासारखी वीज मला चालेल.

मागच्या बाकांवर कुजबुज.
तिचाच भाचा ओर्लांद खुर्ची सरकवून निघून गेला.

भिते मीपण, बाई म्हणाली,
पण त्या भीतीला कुंपण आहे, पहारा आहे,
मोजायला यंत्र आहे.
ह्या धुळीचा हिशेब
फक्त माझ्या नातवाच्या दम्याच्या पंपात.

टाळ्या पडल्या नाहीत.
बाहेर वाघिणी भरत होत्या.

घरी आल्यावर
दिव्याचं बटण
आधी पुसलं,
मग दाबलं.