ड दर्जाची रेघ

जाहिरातीत इतकंच होतं:
दिवसाला दहा किलोमीटर चालता यावं,
रंग ओळखता यावेत,
पोलादी टोकाचे बूट स्वतःचे.
थंडर बेच्या बंदरात धान्याच्या कोठारांना
एकेक करून कुलपं लागत होती.
मला चालता येत होतं.

पहिल्या दिवशी वेइको राउतिओनं हातात यंत्र दिलं नाही,
स्प्रेचे डबे दिले.
"लाल वीज. पिवळा गॅस. निळं पिण्याचं पाणी.
केशरी म्हणजे लोकांचं बोलणं.
हिरवं नाकालाच कळतं."
आणि गुलाबी?
"ते आपलं. आपण इथे उभे होतो, एवढंच."

मग चालणं.
हातातली कांडी डावीकडे नेली की कुरकुरते,
उजवीकडे नेली की कुरकुरते,
आणि तार नेमकी पायाखाली आली
की गप्प.
माझे वडील असेच होते.

रडारच्या पडद्यावर नळ दिसतच नाही.
दिसते एक राखाडी भुवई, वर उचललेली.
कोणाची, किती खोल, ते तुम्ही ठरवायचं.
चिकणमाती लागली तर भुवईसुद्धा नाही.

नकाशावर प्रत्येक रेघेला दर्जा असतो.
ड म्हणजे जुन्या कागदात तसं लिहिलंय.
क म्हणजे रस्त्यावर झाकण दिसलं, बाकी अंदाज.
ब म्हणजे यंत्रानं ऐकलं.
अ म्हणजे खड्डा करून डोळ्यांनी पाहिलं,
टेप लावून मोजलं.
"माणसांना लावून बघ कधीतरी," वेइको म्हणाला.
मी त्या रात्री लावून बघितले.
बरेचसे नातेवाईक ड निघाले.
एक मावशी क.

ऑक्टोबरची अखेर, जमीन गोठायला आठवडा उरलेला,
शाळेमागची गल्ली.
कागदावर गॅसचा नळ, अठ्ठावन्न सालचा,
शेजारी पेन्सिलीनं एकच शब्द: बंद.
खोदयंत्रावर लायल तासांचे पैसे मोजत बसलेला.
ऑफिसातून फोन, "बंद लिहिलंय ना? मग?"
कांडी काहीतरी पुटपुटत होती.
मेलेलं लोखंडही पुटपुटतं,
जिवंतही. तिला फरक कळत नाही.
वेइको गाडीत कॉफी पीत होता,
मुद्दाम दुसरीकडे बघत.

मी पिवळी रेघ मारली
आणि तिच्यापुढे हातभर मोठं प्रश्नचिन्ह.

शोषणाचा ट्रक आला. पाण्याची धार, चिखल, भोक.
एक मीटर दहावर
डांबर गुंडाळलेला काळा नळ,
झोपेतल्या जनावराच्या पाठीसारखा.
गॅस कंपनीच्या आर्लेटनं गुडघे टेकून छिद्र पाडलं,
मीटर लावला.
काटा हलला नाही.
पुन्हा लावला.
नाही.

बंदच होता.
चार तास गेले. लायल जे बोलला
त्याला कुठलाच रंग नेमून दिलेला नाही.

तेव्हा वेइको गाडीतून उतरला,
भोकाच्या काठाशी उकिडवा बसला, बराच वेळ.
मग कागदावरच्या त्या शब्दावर अंगठा ठेवून म्हणाला,
"अक्षर माझं आहे.
अठ्ठ्याऐंशी. चोवीस वर्षांचा होतो.
कोणी खोदलं नव्हतं.
मी विचारलं, कोणीतरी हो म्हणालं."

छत्तीस हिवाळे.
या गल्लीतून तो कसा जात असेल, मी विचारलं नाही.
त्यानं ड खोडला, अ लिहिला,
शाईनं, खोली सेंटिमीटरसकट,
आणि भोकाजवळच्या डांबरावर
गुलाबी रंगाचा एक ठिपका मारला.
गुरुवारी बर्फ पडला, तोही गेला.

परतताना त्यानं थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरलं.
चार चमचे साखर असेल.
सात महिने मला वाटत होतं
हा माणूस कोरी, कडू पितो.
कोणाकडून ऐकलं होतं, आठवत नाही.