एकोणतिसाचा पाढा

चालताना बोलता आलं पाहिजे, नर्स शिवॉन म्हणाली होती,
गाता नाही आलं तरी चालेल.
बोलायला बरोबर कुणी नाही,
म्हणून हडर्सफील्डच्या त्या चढावर
मी एकोणतिसाचा पाढा म्हणतो,
जो शाळेत कधी धड आला नाही.
टपालाच्या लाल पेटीपाशी त्रिक सत्त्याऐंशी,
बंद चॅपलपाशी सक एकशे चौऱ्याहत्तर,
साती अडकते.
धाप की विसर, छातीलाही सांगता येत नाही.
भिंतीला हात लावून थांबतो.
भिंत गिरण्यांच्या जुन्या धुराने काळी, आणि ओली.

मंगळवार, गुरुवार. चार-चार तास.
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही,
असं कागदावर आहे, खाली तीन सह्या,
त्यातली एक माझी.

नुकत्याच पुसलेल्या लादीला वळसा घालावा
तसे सगळे मला वळसा घालून जातात.
कँटीनमधल्या ग्लेनिसने माझी साखर परस्पर बंद केलीय.
डेरेक गिअर उचलून माझ्या टेबलावर ठेवतो.
किती रे वजन? चार, म्हणतो, डोळे चुकवून.
अकरा किलो दोनशे. मला पाठ आहे.

मी दाते मोजतो. अठ्ठावीस वर्षं.
अजिबात चूक नाही असा दाता अजून पाहिला नाही;
ड्रॉइंगच्या कडेला लिहिलेलंच असतं,
इतके मायक्रॉन इकडे, इतके तिकडे, चालेल.
इस्पितळाने हातात दिलेल्या रिपोर्टवर
हृदयापुढे लिहिलं होतं, पंचेचाळीस टक्के.
मी कागद उलटापालटा करून
तो कडेचा रकाना शोधत बसलो होतो.

अकराला वृंदाचा फोन एकदाच वाजून थांबतो.
मीही एकदाच वाजवतो. एवढंच ठरलंय.
मग तपासणीच्या तक्त्यावर सही करायला
खिशातून पेन काढतो, तर हातात
जिभेखाली मारायचा फवारा.
डेरेक मशीनकडे बघत राहतो, फारच लक्षपूर्वक.

एक वाजता मी निघतो, मशीन चालूच.
भर उजेडात कामावरून निघणं
अजून चोरी केल्यासारखं वाटतं.
उतारावर पाढ्याची गरज नसते,
तरी चॅपलपाशी तोंडातून निघून जातं,
साती दोनशे तीन!
बसस्टॉपवरची बाई कानातलं काढून म्हणते, सॉरी, लव्ह?
काही नाही, म्हणतो मी.
आणि आठी
घराच्या फाटकापर्यंत पुरवून म्हणतो.