सत्यप्रत

निझव्याच्या किल्ल्यामागे, शुक्रवारी बकऱ्यांचा लिलाव होतो
तिथून चौथं दुकान. मी मागच्या बाजूला बसतो,
कानशी, जवसाचं तेल आणि पितळी ब्रश घेऊन.
मूळ धंदा सुतारकीचा, देवरुखचा.
इथे बंदुकांना दस्ते बसवतो.
अकरा वर्षांत एकही गोळी झाडलेली नाही.
परवान्यावर माझं नाव येऊच शकत नाही.

खल्फान बिन सुलेमान अस्रच्या नमाजानंतर आले,
सोबत नातू मुअतसिम, गुडघ्यावर फाटलेली जीन्स,
मोबाइलमध्ये टोपीवाल्यांची नेमबाजी:
लोखंडी पत्र्यावर टण् टण् टण्, घड्याळाशी शर्यत.
"आजोबा, आपल्या क्लबात तुम्हीही अशी टोपी घालायची."
म्हाताऱ्यानं डोक्यावरचा मसर चाचपला.
"जागा आहे का बघ."

मी मखमलीवर तीन मांडल्या,
चेंबर रिकामी, दोनदा पाहून.

पहिली पितळी पोटाची, सोनाराच्या तराजूसारखी पिवळी.
उन्हात पाच मिनिटं ठेवली की चटका,
आणि जड. पण खटका फिरतो
ताकात रवी फिरावी तसा.

दुसरी लोखंडी पोटाची, नळी आठकोनी, चोवीस इंच.
खांद्याला लावली की तोंड खाली जातं.
नातवाचा जीव हिच्यावर. फोटो काढून झालेसुद्धा.

तिसरी आखूड, वीस इंची, गोल नळीची,
दिसायला पोस्टातल्या कारकुनासारखी.
आत मात्र दुहेरी कुलूप.
चव्वेचाळीसची: पत्र्यासाठी हलकं काडतूस घाला,
जनावरासाठी भारी, ती कुरकुरत नाही.

"शिकार कुठे?" मी विचारलं.
"नामिबियात, पुढच्या थंडीत.
इथल्या डोंगरातले रानबोकड आता सरकारचे जावई."

मग त्यांनी ते विचारलंच.
"म्हणजे हे सगळं नकली?"
खरी अमेरिकेतली, दीडशे वर्षांपूर्वीची.
या इटलीतल्या कुठल्याशा खोऱ्यात घडवलेल्या,
मापाला माप, स्क्रूला स्क्रू.
मला अरबीत शब्द सापडेना.
आठवली तहसील कचेरी, निळा गोल शिक्का,
माझ्या दहावीच्या दाखल्याची झेरॉक्स
आणि खाली कुणाची तरी वाकडी सही: सत्यप्रत.
त्याच कागदावर माझा व्हिसा झाला.
मूळ दाखला पुढे वाळवीनं खाल्ला,
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"नकली नाही, बाबा," मी म्हणालो,
"मूळ हरवलं तरी काम अडू नये, अशी."

ते हसले नाहीत.
तिसरी उचलली आणि डाव्या खांद्याला लावली.
तेव्हा मला दिसला त्यांचा उजवा डोळा,
भाताच्या पेजेसारखा पांढुरका.
पन्नास वर्षं उजव्या खांद्यावर गेली.
घरातल्या साऱ्या बंदुकांचे खटके उजवीकडे,
आता प्रत्येक गोळीमागे नाकावरून हात न्यायचा.
हिचा खटका खाली, मधोमध.
रिकामं काडतूस सरळ वर उडतं, गालाला लागत नाही.
कुठल्या हातचे तुम्ही, हे ती विचारत नाही.

"अर्धा इंच लांब आहे दस्ता," ते म्हणाले.
मी पट्टी काढली, खूण केली.
"तूही डावा?"
खेडेकर गुरुजींची छडी बोटांवर पडायची ती
याच हातात पेन्सिल दिसली की.
मी फक्त मान हलवली.

मुअतसिम आठकोनीकडे वळून वळून पाहत बाहेर गेला.
पितळीवरचे ठसे मी पुसले.

रात्री दस्त्याची पट्टी सोडवून अक्रोड कापला.
भुसा गोडसर, जरासा कडू.
निघालेली चकती टाकवेना,
खोलीवर आणली, डुगडुगत्या पलंगाच्या
डाव्या पायाखाली सरकवली.

बरोब्बर बसली.