दुसरं गेट

जांबोटीहून टेंपोत आम्ही अकरा जण,
म्हणजे एक संघ भरेल एवढे,
आणि बारावा लाडवांचा डबा
वैनीच्या मांडीवर.
किणये मागे पडलं तसा गार वारा संपला.
पिरनवाडीच्या नाक्यावर पोलिसानं विचारलं, लग्नाला?
मारुती घाडी म्हणाला, होय की, पोराच्याच.

पोरगं म्हणजे भैरू.
काजूच्या उतारावर खेळायचा,
चेंडू ओढ्यात गेला की शिव्या न देता
आपणच आणायला जायचा.
आता गोव्याच्या क्लबात पगारी.
पगारी हा शब्द माझा भाऊ
डेअरीत, गिरणीत, बसथांब्यावर
हळूच उच्चारतो,
मोठ्यानं म्हटला तर उतू जाईल म्हणून.

तिकीट शंभराचं. मी दोन्ही बाजूंनी वाचलं.
एकीकडे कन्नड, एकीकडे इंग्रजी,
आपलं कुठं काही नव्हतं,
पण खुर्चीचा आकडा आकडाच असतो,
सापडली खुर्ची.

दिवे लागले.
एवढं हिरवं आमच्या रानातसुद्धा
एकदम नसतं.

वैनी म्हणाली, कितवा?
सत्तावीस.
पळणाऱ्या पाठी तिनं एकेक करून तपासल्या.
मग मारुतीनं बोट केलं. तो काय, छपराखाली,
बाकावर, शेवटून दुसरा,
पिवळी बंडी घातलेला.
सगळे खेळतायत, हाच का बसलाय?
लागलंय काय त्याला?
कुणी सांगायचं. मी शेंगा फोडत राहिलो.

मागची पोरं ओरडत होती, होडी! होडी!
वैनीचं माहेर सत्तरी,
जांबोटीत कन्नडची गरज कधी पडली नाही.
इथं कुठली होडी, तिनं मला विचारलं,
तर मागच्यानंच मराठीत सांगितलं,
मावशी, होडी म्हणजे हाण.
मग तिनंही दोनदा म्हणून बघितलं,
कुणासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बेळगावनं गोल केला.
आमच्यातले निम्मे उडी मारून उठले,
उठल्यावर आठवलं,
आणि तसेच वाकून
चप्पल शोधायला लागले.

सत्तराव्या मिनिटाला तो उठला.
बंडी अंगातच. रेषेच्या बाहेरून
कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळत गेला,
परत आला, गुडघे छातीला लावत
पुन्हा गेला.
आम्ही अकराही उभे, टाळ्या.
मैदानात तेव्हा काहीच चाललं नव्हतं,
कुणीतरी बुटाची नाडी बांधत होता.
मागून प्रश्न आला, कुठले गा तुम्ही?
जांबोटी.
म्हणजे आपलेच की. मग टाळ्या त्यांना?
भाऊ म्हणाला, त्यांना नव्हं.
त्या तिथल्या पोराला.
त्यांनी मान उंच करून बघितलं.
एकानं शिट्टीही घातली.
भैरू परत बाकावर बसला
तो शेवटपर्यंत.

येताना दुसरं रेल्वे गेट पडलेलं.
आमच्या पुढ्यात काचा बंद केलेली मोठी बस.
मारुती म्हणाला, अरे, तीच ही.
वैनी डबा घेऊन कधी उतरली कळलंच नाही,
दारावर तळहातानं थापटायला लागली,
ड्रायव्हर आधी नको नको म्हणाला,
मग उघडलं.
पायरीवर भैरू, केस नीट विंचरलेले,
घाम कुठंच नाही.

लोंढ्याकडून मालगाडी येत होती, लांबलचक.
मी डबे मोजत होतो
आणि मनात म्हणत होतो, आणखी दहा लाव.

दमलास?
वैनीनं विचारलं.

त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
होय गे, म्हणाला, लई दमलो.

तिनं त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, तिथंच, पायरीवर.
आतून कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं होतं.
गार्डचा डबा गेला, हॉर्न सुरू झाले.
रात्री ही बस जांबोटीवरूनच जाणार,
आमच्या दारापासून वीस पावलांवरून,
थांबणार नाही.
भाऊ म्हणाला, टेंपो जरा जोरात घे,
आपण आधी पोचू.