तिरकी नजर

मदिनत झायेद मागं पडलं की
मोबाईलचा शेवटचा खांब, दोन-तीन घाफची झाडं,
मग नुसती वाळू.
परकारनं गाडी कच्च्यात उतरवली,
टायरची हवा अर्धी सोडली.
"अजून किती आत? तुझ्या धूमकेतूला पण व्हिसा लागतो काय?"

आठ इंची आरसा. खालची बैठक
मुसाफ्फाच्या एका सुताराकडून करून घेतलेली,
फिरवताना करकरते.
उत्तरेला हबशानच्या ज्वाळा क्षितिज डागत राहतात,
तिकडे पाठ करून बसलो.
आठवडाभर मी प्रेशर गेज तपासतो,
काटा जिथं असायला हवा तिथंच आहे का.
इथं काटा नाही.

स्वातीवरून वर, भूतपाच्या खांद्यापाशी,
नकाशावर टिंब आहे तिथं
काही नाही.
मग काही नाही-पेक्षा किंचित जास्त.

परकारनं डोळा लावला. क्रेनवरचा माणूस,
साठ मीटरवरून खालचा नटबोल्ट ओळखणारा.
"नाय दिसत."
सरळ बघू नकोस, म्हटलं,
शेजारच्या ताऱ्याकडे बघ आणि याला विसर.
तो गप्प. बराच वेळ.
मग नळीला त्याचा खांदा लागला,
आकाश हललं, आणि हललं तेव्हाच दिसलं.
"काचेवर कुणी हाऽ केलंय जसं."
आणि लगेच, "शेपूट कुठाय?"
ती फोटोत असते.

शेंडेनक्षत्र उगवलं की राजा मरतो,
असं गावात म्हणायचे, त्याला आठवलं.
हळू बोल, म्हटलं.
चारी बाजूंना वाळूच होती, तरी.

आता तेज मोजायचं.
धूमकेतू मनात धरून ठेवायचा
आणि नीटस ताऱ्यांना बिघडवायचं,
फोकस हळूहळू बाहेर,
तारा सुजून त्याच्याएवढा होईस्तोवर.
कोण जास्त फिका, ते मग बघायचं.
स्पष्ट होणं त्याला जमत नाही,
म्हणून आपण ताऱ्यांना त्याच्यासारखं करतो.

तेवढ्यात टेकाडावरून पिकअप, दिवे पूर्ण.
हरवलेली उंटीण शोधणारा म्हातारा.
काय बघताय? परकारनं अरबीत सांगितलं,
शेपटीवाला तारा, पण बिनशेपटीचा.
म्हातारा खो खो हसला,
पिशवीभर खजूर देऊन गेला.
डोळ्यांत जांभळे डाग. अंधार परत यायला
वीस मिनिटं लागतात.
वीस मिनिटं खजूर खाल्ले.

तीनला पुन्हा लावलं तर तो सरकलेला,
दोन बारक्या ताऱ्यांच्या फटीतून पार.
लाल उजेडात वहीत वर्तुळ काढलं,
पेन्सिलीचा भुगा अंगठ्यानं पसरवला.
रेषेपेक्षा तो डागच जास्त खरा वाटला.

तेज: आठ पूर्णांक नऊ.
"मला नऊ पूर्णांक दोन वाटतो," परकार म्हणाला.
जन्मातला पहिला धूमकेतू, तोही चिकट बोटांनी पाहिलेला.
वाद घालणार होतो.
मग खालच्या ओळीत लिहिलं:
इब्राहिम परकार, नऊ पूर्णांक दोन,
आरसा आठ इंच, हवा शांत.